'बरा झाला' यानंतरचा प्रश्न

मागच्या वर्षी माझं सिनॉप्सिस प्रेझेंटेशन झालं, तेव्हा मी पहिल्याच स्लाइडवर अडकले. शीर्षकात लिहिलं होतं, 'रक्ताच्या कर्करोगातून बरे झालेल्या रुग्णांचं जीवनमान'. समितीतल्या एका सरांनी विचारलं, "जीवनमान म्हणजे पगार, घर, पाणी, वीज ना? ते मोजणार आहात का तुम्ही?" सगळे हसले. मीही हसले, कारण दुसरं काही सुचलं नाही. मग दुसरा प्रश्न आला, "बरे झालेले म्हणजे किती वर्षं झालेले?" आणि तिसरा, जो जास्त लागला, "चांगलं की वाईट हे कोणाच्या तुलनेत ठरवणार?" बाहेर आल्यावर गाईड मॅडम एवढंच म्हणाल्या, "तू प्रश्नावली आधी निवडलीस आणि प्रश्न नंतर शोधतेयस. जा, आधी इतिहास वाच."

मी जैवतंत्रज्ञानात एम.एस्सी. केलेली. दोन वर्षं पेशींना खायला घालण्यात गेली. आमच्याकडे पेशी जगली की मेली एवढंच मोजतात. जगली असेल तर ती कशी आहे, असं कुणी विचारत नाही. त्यामुळे 'इतिहास वाच' हे मला शिक्षेसारखं वाटलं होतं. पण वाचायला लागले आणि लक्षात आलं, की समितीने विचारलेले तीनही प्रश्न या विषयाने स्वतःलाच विचारलेले आहेत, आणि त्यांची उत्तरं शोधायला पन्नासेक वर्षं घेतली आहेत. पीएचडीची तयारी करणाऱ्यांना त्यातलं काही उपयोगी पडेल म्हणून हा लेख.

आधी शब्दाचा घोळ मिटवू. जीवनमान किंवा राहणीमान म्हणजे माणसाकडे काय आहे. आपल्याला हवी ती जीवनगुणवत्ता, म्हणजे स्वतःचं जगणं माणसाला स्वतःला कसं वाटतं. 'गुणवत्ता' म्हटलं की आपल्याकडे दहावीची यादी आठवते, पण सध्या यापेक्षा बरा शब्द माझ्याकडे नाही.

तीन घटना, एकच वर्ष

सुरुवात १९४८ पासून करू. त्या वर्षी जूनमध्ये बोस्टनच्या सिडनी फार्बर यांचा शोधनिबंध आला. तीव्र ल्युकेमिया झालेल्या १६ मुलांना त्यांनी अमिनोप्टेरिन दिलं होतं, आणि त्यातल्या १० मुलांमध्ये सुधारणा दिसली. सुधारणा तात्पुरती होती, आजार परत येत होता. पण त्याआधी या आजारात काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत, सगळं संपायचं. औषध बनवलं होतं लेडर्ली प्रयोगशाळेत, जिथे संशोधनाचे प्रमुख होते आंध्रातल्या भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव. निबंध छापून आल्यावर दोनच महिन्यांत ते वारले. त्यांच्यावर स्वतंत्र लेख लिहायचा आहे, म्हणून इथे थांबते.

दुसरी घटना न्यूयॉर्कची. डेव्हिड कार्नोफ्स्की आणि त्यांचे सहकारी नायट्रोजन मस्टर्ड हे औषध रुग्णांना देत होते. या औषधाचं मूळ युद्धातल्या विषारी वायूच्या अभ्यासात आहे. त्यांच्यापुढे व्यावहारिक अडचण अशी होती, की गाठ थोडी लहान झाली, पण रुग्णाला बरं वाटतंय का, हे नोंदवायचं कसं? त्यांनी १०० पासून ० पर्यंत, दहा-दहाच्या पायऱ्यांची एक पट्टी केली. १०० म्हणजे काही तक्रार नाही. ७० म्हणजे स्वतःचं स्वतः करतो, पण नेहमीचं काम जमत नाही. ५० म्हणजे बरीच मदत लागते. ० म्हणजे मृत्यू. १९४८-४९ मध्ये हे काम प्रसिद्ध झालं आणि पट्टी आजही वापरात आहे. तुमच्या ओळखीत कुणाची केमो झाली असेल, तर त्या फायलीत कुठेतरी 'केपीएस' लिहून पुढे आकडा असण्याची बरीच शक्यता आहे.

तिसरी घटना जिनिव्हाची. त्याच वर्षी ७ एप्रिलला जागतिक आरोग्य संघटनेची घटना लागू झाली. तिच्यात आरोग्याची व्याख्या केली होती ती केवळ आजार नसणं अशी नव्हती, तर शारीरिक, मानसिक आणि सामाजिक स्वास्थ्य अशी होती. भाषणात छान वाटणारी व्याख्या. पण फार्बरच्या वॉर्डात तेव्हा तिचा उपयोग काय होता? मूल सहा महिने जगलं तरी आनंद होता.

या तीन गोष्टी एकाच वर्षी घडल्या, तरी त्यांची एकमेकींशी गाठ पडायला पुढची कित्येक वर्षं गेली. मला यात सगळ्यात जास्त अडकवून ठेवलं ते कार्नोफ्स्कीच्या पट्टीने. ती चांगली पट्टी आहे. पटकन भरता येते, आणि रुग्ण किती दिवस काढेल याचा अंदाजही तिच्यावरून बऱ्यापैकी येतो. मात्र ती भरतो डॉक्टर. रुग्ण चालत आला, शर्टाची बटणं स्वतः लावली, म्हणजे ९०. रात्री त्याला झोप लागते का, बायकोशी बोलतो का, परत कामावर घेतील का या विचाराने पोटात गोळा येतो का, हे त्या आकड्यात कुठेच येत नाही. तेव्हा त्याची गरजही नव्हती, कारण हा प्रश्न पडण्याइतके दिवस फार थोड्यांच्या वाट्याला येत होते.

मुलं मोठी झाली

चित्र बदललं साठच्या दशकात. १९६२ मध्ये मेम्फिसला सेंट ज्यूड हे मुलांचं रुग्णालय सुरू झालं. तिथले डोनाल्ड पिंकेल आणि त्यांचे सहकारी एका गोष्टीच्या मागे लागले होते. ल्युकेमियाच्या पेशी औषधाने रक्तातून जात, पण मेंदूभोवतीच्या द्रवात लपून राहत. तिथे औषध नीट पोचत नाही. मग काही महिन्यांनी आजार तिथूनच उलटायचा. म्हणून त्यांनी मेंदूचा आजार दिसण्याआधीच डोक्याला किरणोपचार द्यायला सुरुवात केली आणि सोबत पाठीच्या कण्यातून मेथोट्रेक्सेट. १९६७ च्या सुमारास सुरू झालेल्या या पाचव्या उपचारपद्धतीत किरणांची मात्रा होती २४ ग्रे, आणि निम्म्याच्या आसपास मुलं दीर्घकाळ जगली. ज्या आजारात कुणी वाचतच नव्हतं, त्यात निम्मी मुलं.

याच काळात मोठ्यांच्या बाबतीत हॉजकिन लिम्फोमामध्ये तसंच काहीसं घडत होतं. स्टॅनफर्डला हेन्री कॅप्लन रेखीय त्वरक वापरून किरणोपचार करत होते. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत विन्सेंट डिव्हिटा आणि मंडळींनी चार औषधं एकत्र करून 'मॉप' ही पद्धत बसवली, तिचे निष्कर्ष १९७० मध्ये आले. पसरलेला हॉजकिन आजारसुद्धा बरा होऊ लागला.

मग ही मुलं मोठी झाली. हे वाक्य किती साधं आहे, पण खरं तर या विषयाची सुरुवात तिथेच होते. डोक्याला किरण घेतलेली काही मुलं शाळेत मागे पडत होती. लक्ष लागत नव्हतं, गणित जमत नव्हतं, उंची वाढत नव्हती. किरण घेताना जितकं वय लहान, तितका परिणाम जास्त. 'मॉप' घेतलेल्या अनेक तरुणांना मूल होण्यात अडचणी आल्या, आणि काहींना वर्षांनंतर दुसराच कर्करोग झाला, तोही उपचारामुळे. छातीवर किरण घेतलेल्या मुलींना पुढे स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढला. अँथ्रासायक्लिन गटाची औषधं घेतलेल्यांच्या हृदयावर ताण आला.

यातलं बरंचसं रक्ताच्या तपासणीत दिसत नाही. घरी आणि वर्गात दिसतं. १९७५ मध्ये ज्युलिओ डी'अँजिओ या बालकर्करोगांवर किरणोपचार करणाऱ्या डॉक्टरांनी एक निबंध लिहिला. 'नुसतं बरं होणं पुरेसं नाही' अशा अर्थाचं त्याचं शीर्षक होतं. किरण देणारा माणूसच हे म्हणतोय, हे मला महत्त्वाचं वाटतं. आपल्या हातून जे झालं ते मान्य करायलाही धारिष्ट्य लागतं. आणि पुढे त्याचा परिणामही झाला. मात्रा आधी २४ वरून १८ ग्रेपर्यंत खाली आली, आणि अखेरीस ज्या सेंट ज्यूडने डोक्याचे किरण सुरू केले होते त्यांनीच २००० नंतरच्या पंधराव्या पद्धतीत ते सगळ्या मुलांच्या बाबतीत वगळून पाहिले. २००९ मध्ये आलेल्या निष्कर्षांत पाच वर्षं जगण्याचं प्रमाण ९० टक्क्यांच्या वर होतं. म्हणजे 'जगणं कसं आहे' या प्रश्नाने उपचारच बदलला. जीवनगुणवत्ता हा 'सॉफ्ट' विषय आहे असं कुणी कँटीनमध्ये म्हणालं, तर मी हेच उदाहरण देते.

बोस्टनच्या कूचर आणि ओमॅली यांचं 'डॅमोक्लीज सिंड्रोम' हे पुस्तक १९८१ चं. डोक्यावर केसाला टांगलेली तलवार घेऊन जेवायला बसलेल्या डॅमोक्लीजची ग्रीक गोष्ट तुम्ही ऐकली असेल. आजार गेला, पण तो परत येईल का ही तलवार तशीच लटकते. १९८५ मध्ये फिट्झह्यू मुलन या डॉक्टरने स्वतःच्या कर्करोगावर लिहिलं (त्यांचा रक्ताचा नव्हता) आणि आजार व बरं होणं यांच्या मधल्या प्रदेशाला नाव दिलं, सर्व्हायव्हल. त्याचे ऋतू असतात, म्हणाले. पुढच्या वर्षी त्यांच्या पुढाकाराने जी राष्ट्रीय संघटना उभी राहिली, तिने म्हटलं की निदान झाल्या दिवसापासून पुढे आयुष्यभर माणूस सर्व्हायव्हर असतो. समितीच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. सर्व्हायव्हर पहिल्या दिवसापासून. 'दीर्घकालीन' मात्र बहुतेक अभ्यासांत निदानानंतर पाच वर्षं पूर्ण झाली की. तुमच्या सिनॉप्सिसमध्ये कुठली व्याख्या घेतलीय ते पहिल्याच पानावर लिहा, नाहीतर माझ्यासारखे हसत उभे राहाल.

पेन रुग्णाच्या हातात

१९९३ मध्ये दोन प्रश्नावल्या आल्या, ज्यांच्याशिवाय आज या विषयात पान हलत नाही. युरोपातली ईओआरटीसी संस्थेची क्यूएलक्यू-सी३० आणि अमेरिकेतली फॅक्ट-जी. दोन्हींत पेन रुग्णाच्या हातात. सी३० मध्ये तीस प्रश्न: लांब चालायला त्रास होतो का, झोप, दुखणं, भूक, कुटुंबात वावरणं, पैशाची ओढाताण, आणि शेवटी दोन प्रश्नांत १ ते ७ मध्ये एकूण तब्येत आणि एकूण जीवनगुणवत्ता. कार्नोफ्स्कीपासून इथे यायला ४५ वर्षं लागली. डॉक्टरने दिलेला आकडा आणि रुग्णाने दिलेलं उत्तर शेजारी ठेवून पाहणाऱ्या अभ्यासांत दोन्ही नेहमी जुळत नाहीत, आणि सगळ्यात कमी जुळतात ते मनाच्या आणि न दिसणाऱ्या त्रासांच्या बाबतीत.

न दिसणारा त्रास म्हणजे काय, याचं माझं आवडतं उदाहरण नॉर्वेचं आहे. ऑस्लोत उपचार घेतलेल्या हॉजकिन लिम्फोमाच्या रुग्णांना, उपचारानंतर सरासरी बारा वर्षांनी, टपालाने प्रश्नावली पाठवली. ४५९ जणांनी ती भरून परत पाठवली. १९९९ मध्ये निष्कर्ष छापून आले: सहा महिने किंवा जास्त काळ टिकलेला थकवा सर्वसाधारण लोकांमध्ये ११ टक्के, तर या बरे झालेल्यांमध्ये २६ टक्के. बारा वर्षांनी! कार्नोफ्स्की पट्टीवर यातले बहुतेक ९० किंवा १०० असते. नोकरी करतात, चालतात, तक्रार करत नाहीत. थकवा हा शब्दही फसवा आहे. आपण 'दमलो' म्हणतो, झोपतो, उठतो. हे झोपून जाणारं दमणं नाही.

पण एक गोम आहे. सी३० ची पहिली मोठी चाचणी झाली ती फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या ३०५ रुग्णांवर, आणि तेही उपचार चालू असलेल्या. जेवायला, कपडे घालायला मदत लागते का, हा प्रश्न त्यांच्यासाठी अगदी योग्य. पंधरा वर्षांपूर्वी ल्युकेमिया झालेल्या आणि आता रोज लोकलने विरारहून चर्चगेटला जाणाऱ्या माणसाला तोच विचारला तर तो 'अजिबात नाही' लिहिणार. दुसऱ्यालाही तसंच, तिसऱ्यालाही. सगळे गुण वर जाऊन छताला टेकतात. संख्याशास्त्रात याला सीलिंग इफेक्ट म्हणतात. याचा अर्थ त्यांना त्रास नाही असा होत नाही, तुमच्या पट्टीची उंची संपलीय एवढाच होतो. हे लक्षात आल्यावरच दीर्घकालीन सर्व्हायव्हरांसाठी वेगळ्या प्रश्नावल्या करायला सुरुवात झाली. मी माझ्या पहिल्या सिनॉप्सिसमध्ये फक्त सी३० ठेवली होती. का? कारण सगळे ठेवतात.

आता समितीचा तिसरा प्रश्न. कोणाच्या तुलनेत? १९९४ मध्ये अमेरिका आणि कॅनडातल्या रुग्णालयांनी मिळून बालकर्करोग सर्व्हायव्हर अभ्यास सुरू केला. १९७० ते १९८६ मध्ये निदान झालेली आणि पाच वर्षं जगलेली मुलं शोधून काढली. त्यांत ल्युकेमिया आणि लिम्फोमावाली मोठ्या संख्येने होती. तुलनेला घेतली त्यांचीच भावंडं. कल्पना सुंदर आहे. तेच घर, तेच आईवडील, तोच पगार, फरक आजाराचा. २००६ मध्ये या अभ्यासातला जो निबंध गाजला, त्यात १०,३९७ सर्व्हायव्हर होते, सरासरी वय सत्तावीसच्या आत. त्यांपैकी ६२.३ टक्क्यांना किमान एक दीर्घकालीन आजार होता आणि २७.५ टक्क्यांचा आजार गंभीर किंवा जीवघेणा होता. भावंडांच्या तुलनेत गंभीर आजाराचा धोका आठपट. ज्या वयात आपण नेटचा फॉर्म भरतो, त्या वयात.

मानसिक बाजूने चित्र वेगळं निघालं, आणि यात मला गंमत वाटते. बहुतेक सर्व्हायव्हर मनाने ठीक होते. एक छोटा गट खरोखर त्रासात होता. शरीराचे आकडे वाचून आपण जी कल्पना करतो तिच्याशी हे जुळत नाही.

याची दोन कारणं सांगते. पहिलं भावंडांशी संबंधित. भावंडं 'नॉर्मल' असतात का? ताईला ल्युकेमिया झाला म्हणून आई दीड वर्ष मुंबईत राहिली आणि धाकटा गावाला आजीकडे. त्याची शाळा, त्याची भीती, त्याचा राग, हे सगळं आजाराचंच देणं आहे. तुलनेचा गटच जर हललेला असेल, तर फरक कमी दिसणार. दुसरं कारण जास्त खोल. १९९९ मध्ये स्प्रँगर्स आणि श्वार्ट्झ यांनी रिस्पॉन्स शिफ्टची मांडणी केली. आजारातून गेलेल्या माणसाची आतली पट्टीच बदलते. पूर्वी गुडघा दुखला तर ७ पैकी ४ देणारा माणूस, बोन मॅरो काढण्याची सुई अनुभवल्यावर त्याच गुडघ्याला ६ देतो. किंवा त्याला काय महत्त्वाचं वाटतं तेच बदलतं: आधी बढती, आता संध्याकाळी घरी असणं. मग ६ हा आकडा खोटा का? मला नाही वाटत. पण उपचाराआधीचा ५ आणि नंतरचा ६ वजा करून 'एकने सुधारणा' लिहिणं मात्र धोक्याचं आहे. वजाबाकी करायची तर दोन्ही आकडे एकाच पट्टीवरचे हवेत.

रोजची गोळी

एका आजाराबद्दल वेगळं बोलायला हवं, कारण तिथे 'बरं होणं' या शब्दाचाच अर्थ बदलला. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया. २००१ मध्ये इमॅटिनिबला अमेरिकेत मान्यता मिळाली आणि काही वर्षांत हा आजार रोज एक गोळी घेऊन सांभाळायचा झाला. आपल्याकडे याची किंमत आणि पेटंट यावरून झालेला खटला आठवत असेल. १ एप्रिल २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने नोव्हार्टिसचा दावा फेटाळला, आणि भारतीय कंपन्यांची स्वस्त गोळी चालू राहिली.

आता जगण्याचा काळ जवळजवळ सर्वसामान्यांइतका झाल्यावर विचारायचं काय? २०११ मध्ये इटलीतल्या ४४८ रुग्णांचा अभ्यास आला. सगळे बरीच वर्षं इमॅटिनिबवर. मला वाटलं होतं म्हातारे जास्त त्रासात असतील. उलटं निघालं. साठीच्या पुढचे रुग्ण त्यांच्या वयाच्या निरोगी लोकांसारखेच होते, फरक सगळ्यात मोठा होता तो तरुणांमध्ये. विचार केला तर पटतं. पासष्टीला रक्तदाबाची गोळी असतेच, त्यात अजून एक. तिशीत रोजचा थकवा, पायात गोळे, सुजलेले डोळे, आणि मूल कधी व्हावं याचं गणित गोळीभोवती. शेजारचा मित्र मात्र मोकळा. तुलना पुन्हा आलीच. फक्त यावेळी ती संशोधकाने केलेली नाही, रुग्णाने स्वतःच्या मनात केलेली आहे.

त्याआधीच, २०१० मध्ये, फ्रान्सच्या अभ्यासात ज्यांच्या रक्तात दोन वर्षं आजाराचा मागमूस नव्हता अशा १०० जणांची गोळी थांबवली होती. वर्षभराने सुमारे ४० टक्क्यांचा आजार परतला नव्हता. मग गोळी थांबवायची का? जगण्याच्या वर्षांत त्याने फारसा फरक पडत नाही, कारण आजार परतला तर गोळी पुन्हा सुरू करता येते. निर्णय पूर्णपणे 'जगणं कसं वाटतं' यावर येऊन ठेपतो. १९४८ ला हे कुणाला सांगितलं असतं तर विश्वास बसला नसता.

परळ

आपल्याकडचा धागा रक्ताच्या कर्करोगापासूनच सुरू होतो. मेहेरबाई टाटा १९३१ मध्ये ल्युकेमियाने गेल्या. पुढच्या वर्षी दोराबजी टाटांनी ल्युकेमियावरच्या संशोधनासाठी त्यांच्या नावाने न्यास केला, आणि १९४१ मध्ये परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल उघडलं. तिथेच १९८३ मध्ये डॉ. सुरेश अडवाणींनी भारतातलं पहिलं यशस्वी बोन मॅरो प्रत्यारोपण केलं. आणि तिथेच १९९१ मध्ये डॉ. पूर्णा कुरकुरे यांच्या पुढाकाराने उपचार संपलेल्या मुलांसाठी वेगळी ओपीडी सुरू झाली, अ‍ॅक्ट क्लिनिक, म्हणजे 'आफ्टर कम्प्लीशन ऑफ थेरपी'. ज्या दिवशी डॉक्टर 'आता यायची गरज नाही' म्हणतात, त्यानंतर यायची जागा. याला मी आपल्याकडच्या इतिहासातलं वळण मानते, कारण ओपीडी नसेल तर नोंद नाही, आणि नोंद नसेल तर माझ्यासारखीने अभ्यास करायचा तो कशाचा?

पण नोंदीलाही मर्यादा आहे. फॉलो-अपला कोण येतं? ज्याला रजा मिळते, ज्याच्याकडे गाडीभाडं आहे, ज्याच्या घरी आजार लपवलेला नाही. सासरी सांगितलेलं नाही म्हणून न येणारी मुलगी माझ्या नमुन्यात कधीच येणार नाही, आणि तिचीच जीवनगुणवत्ता कदाचित सगळ्यात वेगळी असेल. आकडेमोडीच्या तासाला आपण सर्व्हायव्हरशिप बायस शिकतो. इथे तो शब्द अक्षरशः खरा आहे.

सी३० मराठीत आहे. अशा प्रश्नावलीचं भाषांतर दोन जण वेगवेगळं करतात, मग ते उलट इंग्रजीत करून ताडून पाहतात, मग काही रुग्णांवर चाचणी. पद्धत काटेकोर आहे, पण ती आहे त्या प्रश्नांचंच भाषांतर करते. नसलेला प्रश्न तिच्यात येणार कुठून?

परवानगी घेऊन केलेल्या पायलटमध्ये हे मला प्रत्यक्ष भेटलं. विशीतली मुलगी, लहानपणी ल्युकेमिया झालेला, आईबरोबर आली होती. तीस प्रश्न आठ मिनिटांत भरले. जवळजवळ सगळीकडे 'अजिबात नाही', आणि शेवटच्या दोन प्रश्नांना ७ आणि ७. मी फॉर्म घेतला, आभार मानले. आई पाण्याची बाटली भरायला गेली तेव्हा तिने हळूच विचारलं, "ताई, स्थळ बघायला आले की आधी सांगायचं की नंतर, हे यात कुठे नाहीये का?" मी म्हटलं, नाहीये. ती म्हणाली, "मग मी सात लिहिलंय ते राहू दे. पण तुम्ही हे पण लिहून घ्या."

मी ते फॉर्मच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहिलं. कोडिंग शीटमध्ये त्याला रकाना नव्हता. नव्या सिनॉप्सिसमध्ये प्रश्नावलीला मुलाखतीची जोड दिली आहे, शीर्षकातलं 'जीवनमान' काढलंय, आणि तुलनेच्या गटात भावंडांसोबत त्याच गावातले समवयस्कही घेतले आहेत. बदललेला आराखडा सध्या एथिक्स कमिटीकडे आहे. मुलाखतीचे प्रश्न कसे तयार केले, ते पुढच्या लेखात. तोवर तुमच्या विषयातली तुमची 'कार्नोफ्स्की पट्टी' कुठली आणि ती भरतं कोण, हे कमेंटमध्ये जरूर लिहा.